सी फंक्शनमधली तीन टिंबे: आर्ग्युमेंट्सची बदलती यादी न चुकता कशी वाचायची

तीन टिंबांचे, म्हणजे पॅरामीटरांच्या यादीच्या शेवटी ... लिहून कितीही आर्ग्युमेंट्स घेणारे फंक्शन लिहायला बसलेला बहुतेक जण आधी लूप लिहितो, मग व्हीए_आर्ग (यादीतले पुढचे आर्ग्युमेंट वाचून देणारा मॅक्रो) कसे वापरायचे ते शोधतो आणि यादी कुठे संपते हा विचार सर्वांत शेवटी करतो. कोड कंपाइल होतो, स्वतःच्या मशीनवर उत्तरही बरोबर येते. काही महिन्यांनी तोच कोड दुसऱ्या प्रोसेसरवर किंवा वेगळ्या ऑप्टिमायझेशनने चालवला की मध्येच कचरा छापतो किंवा कोसळतो.

कारण एकच. टिंबांच्या जागी काय आले, किती आले आणि कोणत्या टाइपचे आले याची माहिती फंक्शनला कुणीही देत नाही. एरवी कंपायलर आर्ग्युमेंट तपासतो, गरज पडली तर टाइप बदलून देतो. टिंबांपाशी तो हे काम सोडतो. बोलावणारा आणि वाचणारा यांच्यातला करार तुम्हालाच ठरवावा, लिहावा आणि तपासावा लागतो. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा; लूप पाचव्या टप्प्यात येतो, त्याआधी नाही.

लेखात सगळी नावे देवनागरीत, उच्चारानुसार लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. व्हीए_लिस्ट, व्हीए_स्टार्ट, व्हीए_आर्ग, व्हीए_कॉपी आणि व्हीए_एंड ही पाचही नावे लहान अक्षरांत असतात आणि एसटीडीआर्ग.एच या हेडरमधून येतात.

## टप्पा १: टिंबांची गरज आहे का ते आधी पाहा

सगळी आर्ग्युमेंट्स एकाच टाइपची असतील तर टिंबे वापरू नका. ॲरे आणि त्याची लांबी अशी दोन आर्ग्युमेंट्स घेणारे साधे फंक्शन लिहा. कंपायलर टाइप तपासेल, डीबगरमध्ये ॲरे दिसेल आणि तेच फंक्शन रनटाइमला तयार झालेल्या यादीसाठीही चालेल. टिंबांच्या फंक्शनला रनटाइमला तयार झालेली यादी देण्याचा सी भाषेत कोणताही सरळ मार्ग नाही.

बोलावताना स्वल्पविराम देत आकडे लिहिण्याची सोय हवी असेल तर सी९९ (सी भाषेचे १९९९ चे स्टँडर्ड) पासून तीही मिळते. टिंबे घेणारा मॅक्रो लिहा आणि त्याच्या आत व्हीए_आर्ग्ज या खास नावाने आलेली सगळी यादी महिरपी कंसात टाकून कंपाउंड लिटरल बनवा. म्हणजे डबलचा निनावी ॲरे जागच्या जागी तयार होतो, आणि साइझऑफने त्याची लांबी काढता येते. यात मोठा फायदा असा की कुणी २.० ऐवजी नुसते २ लिहिले तरी ॲरेत जाताना त्याचे डबल होते. पुढे चौथ्या टप्प्यात जी चूक विस्ताराने येणार आहे, ती इथे होऊच शकत नाही.

पर्यायी सेटिंग्ज द्यायच्या असतील तर स्ट्रक्ट घ्या आणि सदस्यांची नावे लिहून इनिशियलाइझ करा. न लिहिलेले सदस्य आपोआप शून्य होतात.

मग टिंबे उरतात कशासाठी? मुख्यतः प्रिंटएफसारख्या फंक्शनसाठी: वेगवेगळ्या टाइपची आर्ग्युमेंट्स आणि त्यांचे वर्णन करणारी एक स्ट्रिंग. लॉग लिहिणे, चूक कळवणे, संदेश तयार करणे. माझ्या मते नव्या कोडमध्ये यापलीकडचे कारण क्वचितच टिकते.

## टप्पा २: यादी कुठे संपते ते ठरवा

व्हीए_आर्गला शेवट कळत नाही. तीन आर्ग्युमेंट्स आली आणि तुम्ही चौथे मागितले तर तो एरर देत नाही; मेमरीत किंवा रजिस्टरच्या जतन केलेल्या जागेत पुढे जे पडले असेल ते उचलून देतो. त्यामुळे शेवट कळवण्याचा मार्ग करारातच हवा. मार्ग तीन आहेत.

संख्या आधी देणे. पहिले आर्ग्युमेंट म्हणजे पुढे किती येणार तो आकडा. समजायला सोपे. पण कुणी यादीत एक आर्ग्युमेंट वाढवले आणि आकडा बदलायचे विसरले, की शेवटचे आर्ग्युमेंट गुपचूप गळते. एक कमी केले तर त्याहून वाईट.

शेवटाची खूण देणे. यादीच्या शेवटी एक ठरलेली किंमत, बहुधा नल पॉइंटर. युनिक्समधले एक्झेकएल असेच चालते. खूण निवडताना ती खऱ्या डेटात कधीच येणार नाही याची खात्री करा. आकड्यांच्या यादीला उणे एक ही खूण लावली आणि पुढे ऋण आकडे आले, तर फंक्शन अर्ध्यातच थांबते.

फॉरमॅट स्ट्रिंग देणे. स्ट्रिंगमधल्या टक्केचिन्हांवरून संख्या आणि टाइप दोन्ही कळतात. तिन्हींत हा मार्ग सर्वांत सुरक्षित, कारण आठव्या टप्प्यात दाखवल्याप्रमाणे कंपायलरकडून याची तपासणी करून घेता येते.

> सावधान: शेवटाची खूण म्हणून नुसते ० लिहू नका, आणि नुसते नलसुद्धा लिहू नका. ० हा इंट आहे. ६४ बिटच्या नेहमीच्या मशीनवर इंट ३२ बिटचा आणि पॉइंटर ६४ बिटचा असतो. नल या मॅक्रोची व्याख्या साधे ० अशी करायला स्टँडर्डची परवानगी आहे, म्हणून त्यावरही विसंबता येत नाही. कॅर पॉइंटरचा कास्ट लावून (कॅर *)नल असे लिहा.

ही चूक फार काळ लपून राहते. सुरुवातीची आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून जातात. तिथे ३२ बिटचे शून्य भरताना वरचे ३२ बिटही बहुधा शून्य होतात आणि सगळे सुरळीत चालते. यादी लांबली आणि खूण स्टॅकवर गेली की वरच्या अर्ध्या भागाची हमी संपते. फंक्शन मग खूण ओलांडून पुढे वाचत सुटते.

तपासणी: करार एका वाक्यात लिहिता येतो का? उदाहरणार्थ, “पहिल्यानंतरची सगळी आर्ग्युमेंट्स कॅर पॉइंटर, शेवटी कास्ट केलेला नल.” हे वाक्य हेडर फाइलमध्ये प्रोटोटाइपच्या वर कॉमेंट म्हणून टाका. असे वाक्य जमत नसेल तर पहिल्या टप्प्याकडे परत जा.

## टप्पा ३: प्रोटोटाइप आणि टिंबांच्या आधीचा पॅरामीटर

प्रोटोटाइप हेडरमध्ये ठेवा आणि बोलावणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये ते हेडर घ्या. टिंबांचे फंक्शन प्रोटोटाइपशिवाय बोलावणे हे अनडिफाइन्ड बिहेव्हियर आहे (म्हणजे काय होईल याची स्टँडर्ड कसलीही हमी देत नाही), आणि ते केवळ कागदावरचे नाही. ॲपलच्या ६४ बिट एआरएम मशीनवर टिंबांतली आर्ग्युमेंट्स नेहमी स्टॅकवर जातात, तर नेहमीची आर्ग्युमेंट्स आधी रजिस्टरमध्ये. प्रोटोटाइप दिसला नाही किंवा फंक्शन पॉइंटरवर टिंबे नसलेला कास्ट लावला, तर बोलावणारा एकीकडे ठेवतो आणि फंक्शन दुसरीकडे शोधते. x८६ च्या लिनक्सवर तोच कोड चालून गेलेला असतो, म्हणून दोष नव्या मशीनला दिला जातो.

टिंबांच्या लगेच आधीचा पॅरामीटर व्हीए_स्टार्टला द्यायचा असतो. तो कॅर, शॉर्ट, फ्लोट किंवा बूल टाइपचा ठेवू नका. ॲरे किंवा फंक्शन टाइपचाही नको, आणि त्यावर रजिस्टर हा शब्दही नको. तिथे इंट, साइझ_टी, डबल किंवा पॉइंटर असावा.

सी२३ पूर्वी टिंबांच्या आधी निदान एक नाव असलेला पॅरामीटर लागतोच. सी२३ मध्ये ही अट गेली आणि व्हीए_स्टार्टचे दुसरे आर्ग्युमेंटही ऐच्छिक झाले. तरी जुन्या कंपायलरवर कोड चालायचा असेल तर जुनीच पद्धत ठेवा.

## टप्पा ४: कोणता टाइप वाचायचा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

टिंबांच्या जागी दिलेले आर्ग्युमेंट जसेच्या तसे पोहोचत नाही. बोलावताना त्यावर प्रमोशन होते:

- कॅर, साइन्ड कॅर, अनसाइन्ड कॅर, शॉर्ट आणि बूल यांचे इंट होते. अनसाइन्ड शॉर्ट आणि इंट सारख्याच आकाराचे असतील अशा मशीनवर अनसाइन्ड शॉर्टचे अनसाइन्ड इंट होते.
- फ्लोटचे डबल होते.
- इंट, लाँग, लाँग लाँग, डबल, पॉइंटर आणि स्ट्रक्ट आहेत तसेच जातात. ॲरेचा पॉइंटर होतो.

म्हणून व्हीए_आर्गमध्ये कॅर, शॉर्ट, बूल किंवा फ्लोट कधीही लिहायचे नाही. इंट किंवा डबल वाचा आणि मग हवे तर लहान टाइपमध्ये ठेवा. जीसीसी याबाबत कडक आहे: व्हीए_आर्गमध्ये कॅर लिहिले तर वॉर्निंग देतो आणि त्या जागी प्रोग्राम थांबवणारी सूचना घालतो. वॉर्निंग न वाचणाऱ्याला प्रोग्राम का कोसळला ते कळतच नाही.

प्रमोशन एवढेच करते. वाचणाऱ्याला काय हवे आहे ते त्याला माहीत नसते. एक उदाहरण जवळून पाहू. सरासरी काढणारे फंक्शन आहे, पहिले आर्ग्युमेंट संख्या, पुढे डबल. कुणीतरी लिहिते:

    सरासरी(३, १०, २०, ३०)

पहिला ३ हा नाव असलेल्या पॅरामीटरसाठी आहे, तिथे ३.० लिहिले असते तरी कंपायलरने त्याचा इंट केला असता. १०, २० आणि ३० मात्र इंट म्हणूनच गेले. लिनक्सच्या ६४ बिट x८६ वर इंट आणि पॉइंटर सहा साध्या रजिस्टरांतून जातात, डबल आठ वेगळ्या फ्लोटिंग रजिस्टरांतून. फंक्शन डबल मागते, म्हणजे ते फ्लोटिंग रजिस्टरांच्या जतन केलेल्या जागेत पाहते. तिकडे या कॉलमध्ये कुणी काही ठेवलेलेच नाही. शिवाय बोलावणारा एएल या छोट्या रजिस्टरमध्ये किती फ्लोटिंग रजिस्टर वापरले ते कळवतो. इथे ते शून्य असल्याने ती रजिस्टरे जतनसुद्धा केली जात नाहीत. मग स्टॅकवर आधी जे उरलेले असेल त्याची सरासरी निघते. कधी ०.० येते, कधी अवाढव्य आकडा. १०, २०, ३० यांचा त्या उत्तराशी काहीही संबंध नसतो.

आता उलटा प्रकार. प्रिंटएफमध्ये “%डी %एफ” लिहिले आणि आर्ग्युमेंट्स चुकून उलट्या क्रमाने, आधी २.५ आणि मग ७, अशी दिली. त्याच लिनक्स मशीनवर उत्तर येते ७ आणि २.५, अगदी हवे तसे! इंट आपल्या रांगेतून आला, डबल आपल्या. विंडोजच्या ६४ बिट पद्धतीत मात्र प्रत्येक आर्ग्युमेंटची जागा त्याच्या क्रमांकावरून ठरते, म्हणून तिथे दोन्ही आकडे चुकतात. “माझ्याकडे चालते” हा टिंबांच्या कोडसाठी पुरावा का मानू नये ते यावरून दिसावे.

नेहमी चुकणाऱ्या आणखी काही जागा:

- साइझऑफचे उत्तर. ते साइझ_टी असते, इंट नव्हे. छापताना %झेडयू वापरा. वाचताना व्हीए_आर्गमध्ये साइझ_टी लिहा.
- ठरावीक रुंदीचे टाइप. इंट६४_टी कुठे लाँग असतो, कुठे लाँग लाँग. छापण्यासाठी इंटटाइप्स.एच मधले मॅक्रो घ्या, किंवा लाँग लाँगचा कास्ट करून %एलएलडी.
- लाँग अपेक्षित, दिला साधा आकडा. नुसता ५ हा इंट आहे. ५ च्या मागे एल लावा.
- साइन्ड आणि अनसाइन्ड. एकाच टाइपची ही दोन रूपे एकमेकांऐवजी वाचता येतात, पण किंमत दोन्ही रूपांत बसणारी असेल तरच.
- पॉइंटर. व्हॉइड पॉइंटर आणि कॅर पॉइंटर एकमेकांऐवजी चालतात. इतर पॉइंटरांना ही सवलत नाही.

तपासणी: कागदावर दोन स्तंभ करा. डावीकडे बोलावणारा काय लिहील, उजवीकडे प्रमोशननंतर काय पोहोचेल. व्हीए_आर्गमध्ये उजव्या स्तंभातलेच टाइप यायला हवेत.

## टप्पा ५: आता फंक्शन लिहा

क्रम ठरलेला आहे: व्हीए_लिस्ट जाहीर करा, व्हीए_स्टार्टने सुरू करा, व्हीए_आर्गने एकेक वाचा, व्हीए_एंडने बंद करा.

    लाँग बेरीज(इंट किती, ...)
    {
        व्हीए_लिस्ट यादी;
        लाँग एकूण = ०;

        व्हीए_स्टार्ट(यादी, किती);
        फॉर (इंट आय = ०; आय < किती; आय++)
            एकूण += व्हीए_आर्ग(यादी, इंट);
        व्हीए_एंड(यादी);

        रिटर्न एकूण;
    }

व्हीए_स्टार्ट ज्या फंक्शनमध्ये आहे त्याच फंक्शनमध्ये व्हीए_एंड हवे. मध्येच रिटर्न करणारी वाट असेल तर तिच्यावरही हवे. आजच्या अनेक कंपायलरांत व्हीए_एंड प्रत्यक्षात काहीच करत नाही, म्हणून विसरले तरी लक्षात येत नाही. स्टँडर्डप्रमाणे मात्र ते अनडिफाइन्ड बिहेव्हियरच. सोपा उपाय असा की फंक्शनमध्ये रिटर्न एकदाच, शेवटी ठेवायचे आणि व्हीए_एंड त्याच्या वरच्या ओळीत.

> सावधान: एकाच कॉलमध्ये दोन व्हीए_आर्ग लिहू नका. काढ(व्हीए_आर्ग(यादी, इंट), व्हीए_आर्ग(यादी, इंट)) यात आधी कोणते वाचले जाईल ते सी ठरवून देत नाही. एका कंपायलरवर रुंदी आणि उंची बरोबर येतील, दुसऱ्यावर त्यांची अदलाबदल होईल. प्रत्येक किंमत स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये घ्या.

फंक्शन पॉइंटर वाचायचा असेल तर आधी त्याला टाइपडेफने नाव द्या. व्हीए_आर्गला असा टाइप लागतो की ज्याच्या मागे नुसती चांदणी लावली तर त्याचा पॉइंटर होईल. फंक्शन पॉइंटरचे लांबलचक लेखन त्यात बसत नाही.

एखादे आर्ग्युमेंट नको असले तरी ते वाचूनच पुढे जावे लागते, आणि वाचण्यासाठी त्याचा टाइप माहीत असावा लागतो. वगळून उडी मारण्याची सोय नाही.

## टप्पा ६: यादी दुसऱ्या फंक्शनकडे द्यायची असेल तर

लॉगचे फंक्शन लिहिताना हमखास हा प्रश्न येतो: मला मिळालेली टिंबे तशीच प्रिंटएफला कशी देऊ? देता येत नाहीत. प्रिंटएफला व्हीए_लिस्ट दिली तर ती एक साधे आर्ग्युमेंट समजली जाते आणि कचरा छापला जातो. त्यासाठी व्हीप्रिंटएफ, व्हीएफप्रिंटएफ आणि व्हीएसएनप्रिंटएफ आहेत. ती टिंबांऐवजी व्हीए_लिस्ट घेतात.

स्वतःच्या फंक्शनांनाही हीच जोडी लावा. खरे काम व्हीनोंद या फंक्शनमध्ये करा, जे फॉरमॅट आणि व्हीए_लिस्ट घेते. टिंबांचे नोंद हे फंक्शन चार ओळींचे ठेवा: सुरू करा, व्हीनोंदला द्या, बंद करा, परत फिरा. उद्या कुणाला तुमच्या लॉगवर आपले आवरण घालायचे झाले तर व्हीनोंदशिवाय त्याला मार्गच नसतो. ही जोडी पहिल्याच दिवशी बनवा. नंतर बनवायची म्हटले की सगळे कॉल उसवावे लागतात.

व्हीए_लिस्ट दुसऱ्या फंक्शनला दिली आणि त्याने तिच्यातून वाचले, की परत आल्यावर तुमच्याकडची यादी कुठे उभी आहे ते निश्चित नसते. त्यानंतर तिच्यावर फक्त व्हीए_एंड करायचे. लिनक्सच्या ६४ बिट x८६ वर व्हीए_लिस्ट हा एका घटकाचा ॲरे आहे, २४ बाइटचा. पॅरामीटर म्हणून देताना ॲरेचा पॉइंटर होतो, त्यामुळे बोलावलेल्या फंक्शनने पुढे सरकवलेली यादी बोलावणाऱ्याकडेही पुढे सरकलेली दिसते. जिथे व्हीए_लिस्ट साधा पॉइंटर असतो, तिथे बोलावणाऱ्याची यादी जागची हलत नाही. एकाच कोडचे दोन वेगळे परिणाम. परत आल्यावर पुढचे वाचणे खरोखर गरजेचे असेल तर व्हीए_लिस्टचा पत्ता द्या. त्याला स्टँडर्डची स्पष्ट परवानगी आहे.

लॉगच्या फंक्शनसाठी एक वेगळी, पण नेहमी राहून जाणारी गोष्ट: आत शिरताच एररनो (शेवटची चूक कोणती ते सांगणारा आकडा) जपून ठेवा आणि बाहेर पडताना परत भरा. आतली छपाई एररनो बदलू शकते, आणि बोलावणारा पुढच्याच ओळीत त्यावर निर्णय घेत असतो.

## टप्पा ७: तीच यादी दोनदा वाचायची असेल तर

मजकूर किती लांब होईल ते आधी मोजायचे, तेवढी जागा घ्यायची आणि मग लिहायचे, हे काम रोजचे आहे. एकदा वाचलेली यादी आपोआप सुरुवातीला येत नाही. बरोबरचे चिन्ह लावून प्रत काढू नका: ॲरे असलेल्या ठिकाणी ते कंपाइलच होत नाही, आणि पॉइंटर असलेल्या ठिकाणी चालून जाते, म्हणजे चूक तिथे लपते. सी९९ पासून यासाठी व्हीए_कॉपी आहे.

    कॅर *मजकूर_बनव(कॉन्स्ट कॅर *साचा, ...)
    {
        व्हीए_लिस्ट यादी, प्रत;
        कॅर *जागा = नल;

        व्हीए_स्टार्ट(यादी, साचा);
        व्हीए_कॉपी(प्रत, यादी);

        इंट लांबी = व्हीएसएनप्रिंटएफ(नल, ०, साचा, प्रत);
        व्हीए_एंड(प्रत);

        इफ (लांबी >= ०) {
            जागा = मॅलॉक((साइझ_टी)लांबी + १);
            इफ (जागा)
                व्हीएसएनप्रिंटएफ(जागा, (साइझ_टी)लांबी + १, साचा, यादी);
        }
        व्हीए_एंड(यादी);
        रिटर्न जागा;
    }

यातल्या तीन गोष्टी नीट पाहा. प्रत पहिल्या वाचनाच्या आधी काढली आहे. वाचून झाल्यावर काढलेली प्रत वापरलेल्या यादीचीच असते. प्रतीला तिचे स्वतःचे व्हीए_एंड आहे. आणि व्हीएसएनप्रिंटएफ जी लांबी सांगते तिच्यात शेवटचे शून्य धरलेले नसते, म्हणून मॅलॉकमध्ये आणि दुसऱ्या कॉलमध्येही अधिक एक. दुसऱ्या कॉलमध्ये अधिक एक विसरले तर मजकुराचे शेवटचे अक्षर कापले जाते, आणि ते चाचणीत सहज सुटते.

उत्तर ऋण असेल तर काहीतरी बिघडले आहे. ते न तपासता साइझ_टीमध्ये टाकले तर प्रचंड मोठी संख्या होते. विंडोजसाठी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की प्रमाणित वागणूक व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासूनची आहे. नावाआधी अंडरस्कोर असलेले जुने फंक्शन जागा अपुरी पडली तर उणे एक देते.

## टप्पा ८: कंपायलरला पहाऱ्यावर बसवा

जीसीसी आणि क्लँग दोघांनाही सांगता येते की हे फंक्शन प्रिंटएफसारखे आहे. प्रोटोटाइपवर ॲट्रिब्यूट लावा: फॉरमॅट(प्रिंटएफ, २, ३). पहिला आकडा म्हणजे फॉरमॅट स्ट्रिंग कितवे आर्ग्युमेंट आहे तो, दुसरा म्हणजे तपासणी कितव्यापासून करायची तो. मोजणी १ पासून. व्हीए_लिस्ट घेणाऱ्या जोडीदार फंक्शनला दुसरा आकडा ० द्यायचा, कारण तिथे तपासायला आर्ग्युमेंट्स दिसत नाहीत. शेवटी नल लागणाऱ्या फंक्शनांसाठी सेंटिनल नावाचे ॲट्रिब्यूट आहे. खूण विसरली किंवा कास्ट न करता ० दिले तर ते ओरडते.

वॉर्निंग चालू नसतील तर ॲट्रिब्यूटचा उपयोग नाही. -डब्ल्यूऑल, -डब्ल्यूएक्स्ट्रा आणि -डब्ल्यूफॉरमॅट=२ हे तिन्ही लावा. शेवटचा पर्याय फॉरमॅटच्या जागी स्थिर स्ट्रिंग नसेल तरीही सांगतो.

> सावधान: बाहेरून आलेला मजकूर कधीही फॉरमॅटच्या जागी देऊ नका. नोंद(मजकूर) असे न लिहिता नोंद("%एस", मजकूर) लिहा. मजकुरात टक्केचिन्ह आले तर फंक्शन न दिलेली आर्ग्युमेंट्स वाचू लागते, आणि %एन तर मेमरीत लिहितो. हा सुरक्षेतला जुना, ओळखीचा भगदाड पाडणारा मार्ग आहे.

तपासणी: मुद्दाम एक चुकीचा कॉल लिहा, %डीच्या जागी स्ट्रिंग द्या आणि कंपाइल करा. वॉर्निंग आली नाही तर ॲट्रिब्यूट चुकीच्या जागी आहे किंवा आकडे चुकले आहेत.

## टप्पा ९: चाचणी

एकदोन आर्ग्युमेंट्स देऊन केलेली चाचणी इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. हे प्रकार तरी घ्या:

१. टिंबांच्या जागी एकही आर्ग्युमेंट नाही.
२. साध्या आर्ग्युमेंट्सची संख्या सहाच्या पुढे आणि डबलची आठच्या पुढे. लिनक्सच्या ६४ बिट x८६ वर इथेच रजिस्टर संपून स्टॅक सुरू होतो, आणि दुसऱ्या टप्प्यातली नलची चूक इथेच उघडी पडू शकते.
३. इंट, डबल आणि पॉइंटर आलटून पालटून.
४. ३२ बिटमध्ये न बसणारी लाँग लाँग किंमत, मध्यभागी.
५. ऋण आकडे, आणि प्रमोशन होणारे टाइप: कॅर, शॉर्ट, फ्लोट.

हे सगळे -ओ० (ऑप्टिमायझेशनशिवाय) आणि -ओ२ (ऑप्टिमायझेशनसह) दोन्हींवर चालवा, आणि जमल्यास वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर, म्हणजे विंडोज किंवा एआरएमवरही. सीपीपीचेक हे साधन विसरलेले व्हीए_एंड, दोनदा केलेले व्हीए_स्टार्ट आणि सुरू न करता वापरलेली यादी या चुका पकडते. बिल्डमध्ये ते कायम ठेवा.

## आधीपासून असलेल्या फंक्शनला टिंबे लावताना

सोर्स कोडमधले जुने कॉल न बदलता कंपाइल होतात, म्हणून हा बदल निरुपद्रवी वाटतो. आधीच कंपाइल झालेल्या कोडसाठी तो निरुपद्रवी नाही. टिंबे लागताच बोलावण्याची पद्धत बदलू शकते: x८६ लिनक्सवर एएल भरावे लागते, ॲपलच्या एआरएमवर जादा आर्ग्युमेंट्सची जागाच बदलते. लायब्ररीत असा बदल केला तर ती वापरणारी प्रत्येक फाइल नव्या हेडरसह पुन्हा कंपाइल झाली पाहिजे. तशी खात्री नसेल तर जुने फंक्शन आहे तसे ठेवा आणि टिंबांचे फंक्शन नव्या नावाने आणा.